तोंडात मध, पोटात तलवार: चांगुलपणाचे आणि बोलण्याचे चिनी वाक्प्रचार कसे शिकावेत

संक्रांतीचा दिवस होता. चाकणच्या एका कारखान्यात मी तेव्हा दुभाष्याचं काम करत होतो आणि मशिनं बसवायला आलेले सहा चिनी इंजिनियर आमच्याबरोबर जेवायला बसायचे. स्टोअरमधल्या काकूंनी तिळगुळाचा डबा फिरवला आणि प्रत्येकाच्या हातावर लाडू ठेवत म्हणाल्या, "तिळगूळ घ्या, गोड बोला." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मोठ्या ऐटीत 'गोड बोला'चं चिनी करून टाकलं: थिएन-येन-मी-यू. गोड शब्द, मधाळ बोलणं. शब्दाला शब्द जुळला होता, अक्षरंही बरोबर चार. इंजिनियर क्षणभर गप्प झाले आणि मग त्यातला एक लाडू सांभाळत असा हसत सुटला की त्याला ठसकाच लागला.

थिएन-येन-मी-यू म्हणजे प्रियकर प्रेयसीला पटवताना किंवा एखादा विक्रेता गिऱ्हाईक गळाला लावताना बोलतो ते. काकू पन्नाशीच्या, समोर सहा परके पुरुष, आणि माझ्या तोंडून त्या म्हणत होत्या, "या, जरा लाडीगोडी लावा."

त्या दिवशी मला जे कळलं ते पुस्तकात इतकं ठळक लिहिलेलं नव्हतं. चिनी वाक्प्रचाराचा अर्थ पाठ करणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे तो कोणी, कोणाबद्दल आणि कौतुकाने की टोमण्याने वापरायचा. चांगुलपणाच्या आणि बोलण्याच्या वाक्प्रचारांत तर हे पावलोपावली आडवं येतं. म्हणून चिनी नुकतं शिकायला लागलेल्यांसाठी, किंवा वर्षभर शिकून या टप्प्यावर अडलेल्यांसाठी, मी ज्या क्रमाने शिकलो असतो तर बरं झालं असतं त्या क्रमाने हे लिहितो आहे.

पायरी पहिली: छंग-यू ऐकायला शिका

या वाक्प्रचारांना चिनीत छंग-यू (२-३) म्हणतात. 'घडून तयार झालेलं बोलणं' असा त्याचा शब्दशः अर्थ. बहुतेक छंग-यू चार अक्षरांचे, म्हणजे चार उच्चारांचे असतात आणि भाषा जुनी, वाङ्मयीन असते. त्यातला शब्द बदलायचा नाही, क्रमही सहसा हलवायचा नाही. आपणही 'नाचता येईना अंगण वाकडं'मधलं अंगण काढून ओसरी घालत नाही, तसंच.

कंसातले आकडे सुरांचे आहेत. १ म्हणजे वरचा सपाट सूर, २ म्हणजे चढणारा ("काय?" असं दचकून विचारताना चढतो तसा), ३ म्हणजे खाली जाऊन किंचित वर येणारा, ४ म्हणजे वरून खाली आपटणारा. दोन ३ लागोपाठ आले की पहिला २ सारखा म्हणतात. देवनागरीत चिनी लिहिणं म्हणजे शेवटी कामचलाऊ टाचण, खरा उच्चार माणसाकडूनच ऐकायचा.

तरी मराठी माणसाला इथे एक आयतं भांडवल मिळालेलं आहे आणि ते सहसा कोणी सांगत नाही. रोमन लिपीतलं चिनी वाचताना लोक 'ब' आणि 'ड' म्हणत सुटतात, पण तिथे खरे आवाज आहेत 'प' आणि 'फ', 'त' आणि 'थ', 'क' आणि 'ख'. हा भेद आपण जन्मापासून करतो. दुसरं भांडवल आपल्या दोन 'च'चं. चांदीतला च वेगळा, चहातला च वेगळा. चिनीतही हे दोन्ही वेगळे आहेत, शिवाय जीभ मागे वळवून म्हणायचा तिसराही आहे. 'तोंड' या अर्थाचं च्वे (३) म्हणताना चांदीचा च वापरा, 'तलवार' या अर्थाचं चिएन (४) म्हणताना चहाचा. (चहा हा शब्दच चिनीतून आला, त्यामुळे तिथे चूक झाली तर लाज वाटायला हवी.) 'श' आणि 'ष' हा भेद आपण शाळेत सोडून दिला, तो मात्र इथे परत उचलावा लागतो.

पायरी दुसरी: वहीत चार रकाने आखा

पहिल्या रकान्यात छंग-यू आणि सूर. दुसऱ्यात एकेका अक्षराचा सुटा अर्थ, म्हणजे चित्र. तिसऱ्यात 'कोण, कोणाबद्दल'. चौथ्यात एक अक्षर: 'पा' किंवा 'पि'. चिनी शिक्षक शब्दांची विभागणी पाव-यी (कौतुकाचा) आणि पिएन-यी (निंदेचा) अशी करतात, त्यावरून. दोन्हीत न बसणारा असेल तर आडवी रेघ.

एक नोंद नीट भरून दाखवतो. ह-आय-ख-छिन (२-३-३-१). चित्र: सौम्य, मायाळू, जवळ जावंसं वाटणारं. शब्दकोशात 'प्रेमळ, मनमिळाऊ' असं काहीसं सापडेल आणि तुम्ही तो बरोबरीच्या मैत्रिणीला लावून मोकळे व्हाल. मी लावला होता. ती माझ्याच वयाची. तिने विचारलं, "माझे केस पांढरे दिसतात का?" कारण तिसऱ्या रकान्यात लिहायला हवं होतं: आजोबा, म्हातारे शिक्षक, वरच्या हुद्द्याचा माणूस. धाकट्याने वडीलधाऱ्याबद्दल म्हणायचा शब्द आहे हा. चौथ्या रकान्यात 'पा'.

हा तिसरा रकाना भरायला मोबाइलवरचं प्लेको हे कोश-ॲप कामी येतं, पण त्यातली परभाषेतली व्याख्या वाचून थांबू नका. चिनी-चिनी कोशातली व्याख्या उघडा आणि दोन शब्द शोधा: चांग-पेय म्हणजे आपल्या वरच्या पिढीतले, वान-पेय म्हणजे खालच्या पिढीतले. हे शब्द दिसले की समजायचं, या वाक्प्रचाराला वरून खाली किंवा खालून वर असा उतार आहे. व्याख्या समजली नाही तरी चालेल, उतार समजला पाहिजे.

याच घरातला दुसरा, फिंग-यी-चिन-रन (२-४-४-२): साधा, सोपा, लोकांच्या जवळचा. हाही मोठ्या माणसाबद्दलच म्हणायचा. मंत्री, नामांकित प्राध्यापक, कंपनीचा मालक असूनही जो ताठ्यात राहत नाही तो फिंग-यी-चिन-रन. शिपायाबद्दल म्हणाल तर त्याला कळणार नाही की त्याचं मोठेपण नेमकं कशात होतं. याचं मूळ सुमा छिएनच्या इतिहासग्रंथात आहे, इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातल्या. चौ या प्राचीन राजघराण्यातल्या ड्यूकचा मुलगा लू राज्यावर गेला आणि कारभाराची वर्दी द्यायला त्याला तीन वर्षं लागली. का, तर तिथल्या रीतीभाती बदलत बसला. शेजारच्या छी राज्याचा प्रमुख मात्र पाच महिन्यांत वर्दी घेऊन हजर. त्याने विधींचा पसारा कमी केला आणि लोकांच्या चालीरीतींना धरून कारभार केला. तेव्हा बापाने सुस्कारा सोडला की राज्यकारभार सोपा आणि जवळचा असेल तरच लोक जवळ येतात. म्हणजे मुळात ही स्वभावाची तारीफ नव्हतीच, कारभार कसा असावा यावरचा शेरा होता.

पायरी तिसरी: चांगुलपणाचे वाक्प्रचार हवामानापासून सुरू करा

सुरुवातीला तीन छंग-यू एकत्र शिका, कारण ते एकमेकांना धरून ठेवतात.

श्युए-चुंग-सुंग-थान (३-१-४-४): बर्फात कोळसा पाठवणं. गरज असताना केलेली मदत. उत्तर चीनच्या हिवाळ्यात शेगडीतला कोळसा संपणं म्हणजे काय हे पुण्याच्या थंडीवरून समजायचं नाही. सुंग घराण्याच्या इतिहासात नोंद आहे की इ.स. ९९३ च्या बर्फाळ थंडीत सम्राटाने निराधार म्हाताऱ्यांना आणि गरिबांना पैसे, तांदूळ आणि कोळसा पाठवला. मदत करणाऱ्याचे आभार मानताना हा वाक्प्रचार बेलाशक वापरा, इथे उतार नाही. मित्र, शेजारी, साहेब, सगळ्यांना चालतो.

चिन-षांग-थिएन-ह्वा (३-४-१-१): किनखापावर आणखी फुलं काढणं. आपल्या 'दुधात साखर'च्या जवळ जातो. पण कोळशाशेजारी ठेवला की त्याचा रंग बदलतो. "लोक फुलं काढायला येतात, कोळसा घेऊन कोणी येत नाही" अशा अर्थाची तक्रार चिनी माणसं नेहमी करतात. भरल्या घरी मदत घेऊन जाणाऱ्यांवरचा टोमणा आहे तो.

श्युए-षांग-चिया-ष्वांग (३-४-१-१): बर्फावर आणखी दहिवर. याला मराठी शोधायला लागत नाही, दुष्काळात तेरावा महिना. त्यांचं संकट गोठवणारं, आपलं सुकवणारं. एवढाच फरक.

यानंतर हान शिनला भेटा. चांगुलपणाचे छंग-यू शिकताना या एका माणसाची गोष्ट नीट कळली तर निम्मा अभ्यास होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

हान शिन पुढे हान घराण्याचा मोठा सेनापती झाला, पण तरुणपणी ह्वाय-यिन गावात (आजच्या च्यांगसू प्रांतात) तो अक्षरशः दुसऱ्यांच्या ताटावर जगत होता. एका गावप्रमुखाकडे काही महिने जेवायला जात असे. त्याच्या बायकोला हे जड व्हायला लागलं. तिने पहाटेच स्वयंपाक करून घरातल्यांना अंथरुणातच जेवू घालायला सुरुवात केली. हान शिन नेहमीच्या वेळी पोहोचायचा तेव्हा पातेली रिकामी. तो समजला आणि परत गेला नाही. मग नदीकाठी गळ टाकून बसला असताना तिथे कापड धुणाऱ्या बायकांपैकी एका म्हातारीने त्याची अवस्था बघितली आणि आपल्या डब्यातलं त्याला दिलं. एकदा नाही, धुण्याचं काम संपेपर्यंत, कित्येक दिवस. तो म्हणाला, एक दिवस मी याची मोठी परतफेड करीन. म्हातारी चिडली. धडधाकट पुरुष असून तुला स्वतःचं पोट भरता येत नाही, दया आली म्हणून दिलं, परतफेडीसाठी दिलं असं वाटलं का तुला?

इ.स.पू. २०२ मध्ये हान शिन छूचा राजा झाला. त्याने त्या म्हातारीला बोलावून हजार मोहरांचं सोनं दिलं. यावरून यी-फान-छिएन-चिन (२-४-१-१), 'एक जेवण, हजार सोनं'. उपकाराची मोठी फेड. गावप्रमुखालाही बोलावलं. त्याला शंभर नाणी दिली आणि सांगितलं, तू हलका माणूस आहेस, चांगुलपणा केलास पण शेवटाला नेला नाहीस. ही शंभर नाणी वाक्प्रचारात आली नाहीत, पण मला ती हजार मोहरांपेक्षा जास्त आठवतात.

आता त्याच हान शिनचं दुसरं बोलणं. सेनापती झाल्या झाल्या त्याने आपला राजा लिऊ पांग (पुढे हान घराण्याचा संस्थापक) याला प्रतिस्पर्धी श्यांग यूची पारख करून सांगितली. श्यांग यू माणसांशी आदराने वागतो, मऊ आवाजात बोलतो, कोणी आजारी पडलं तर डोळ्यांत पाणी आणून आपलं अन्न वाटून देतो. पण एखाद्याने पराक्रम केला आणि त्याला जहागीर द्यायची वेळ आली की त्या जहागिरीचा शिक्का नुसता हातात फिरवत बसतो. कडा झिजून गुळगुळीत होतात तरी हातातून सुटत नाही. याला हान शिन म्हणाला फू-रन-च्र-रन (४-२-१-२): बायकी दयाळूपणा. एका बाईच्या डब्यावर जगलेल्या माणसाने हे म्हणावं, यातली गंमत सुमा छिएनच्या लक्षात आली होती की नाही कोण जाणे. हा वाक्प्रचार आजही ऐकू येतो, बहुतेक वेळा राजकारण आणि धंद्याच्या गप्पांत, आणि निंदेनेच. वहीत लिहा, समजून घ्या, तोंडातून मात्र काढू नका.

त्या शिक्क्याकडे पुन्हा एकदा बघा. मऊ बोलणं आणि दिलेली वस्तू यांतलं अंतर हान शिनने बोटाने दाखवलं आहे. पुढच्या दोन पायऱ्यांत हेच अंतर पुन्हा पुन्हा भेटेल.

भारताशी नातं असलेला एक शब्द याच गटात आहे: फू-सा-शिन-छांग (२-४-१-२). फू-सा म्हणजे बोधिसत्त्व. संस्कृत शब्द चिनीत आधी लांबलचक लिहिला जायचा, मग झिजून दोन अक्षरं उरली. शिन-छांग म्हणजे काळीज-आतडं. बोधिसत्त्वाचं काळीज असलेला माणूस, परक्याचं दुःख बघवत नाही असा. आपण 'आतडं तुटतं' म्हणतो तेव्हा मायेचा पत्ता जिथे असतो, तिथेच त्यांचाही आहे.

आणि डॉक्टरांसाठी ठरलेला, च्यौ-स-फू-षांग (४-३-२-१): मरणाऱ्याला वाचवणं, जखमीला आधार देणं. मूळ उल्लेख रणांगणावरचा, आज तो दवाखान्यांशी जोडलेला. तुम्ही महाराष्ट्राचे म्हटल्यावर एखादा वयस्कर चिनी माणूस तुम्हाला ख-ती-ह्वा हे नाव सांगेल. गोंधळू नका. ते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी 'ह्वा', म्हणजे चीन, हे अक्षर जोडलेलं आहे. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले.

पायरी चौथी: बोलण्याचे वाक्प्रचार तोंड आणि जीभ धरून शिका

इथे पाठांतराची एक सोय आहे. पाच अक्षरं ओळखीची करून घ्या: खौ आणि च्वे (दोन्ही तोंड), ष (जीभ), येन आणि यू (बोल, बोलणं). ही दिसली की विषय बोलण्याचा आहे हे अर्थ न लागताही कळतं.

सगळ्यात सोपा, आणि मराठी कानाला सगळ्यात मजेचा, थुन-थुन-थू-थू (१-१-३-३). थुन म्हणजे गिळणं, थू म्हणजे थुंकणं. हो, थू म्हणजे थूच. शब्द तोंडात येतो, गिळला जातो, पुन्हा येतो, अर्धा बाहेर पडतो. अडखळत, चाचरत, काहीतरी लपवत बोलणं. पगारवाढ मागायला गेलेला माणूस असाच बोलतो. अशी जोडी-जोडीची रचना बोलीत भरपूर आहे आणि नवख्याने आधी हीच उचलावी, कारण ती कोणालाही जड वाटत नाही.

छी-च्वे-पा-ष (१-३-१-२): सात तोंडं, आठ जिभा. सोसायटीच्या वार्षिक सभेचं याहून नेमकं वर्णन मला माहीत नाही. तोंडांपेक्षा जीभ एक जास्त का, असं मी शिक्षकांना विचारलं होतं. ते म्हणाले, सभेला गेला नाहीस वाटतं कधी.

क्वाय-वान-मो-च्याव (३-१-४-३): वळणं घेत, कोपरे चुकवत जाणं. आपलं 'आडवळणाने बोलणं' आणि हे अगदी सख्खे. उलट बाजूला खाय-मन-चिएन-षान (१-२-४-१): दार उघडलं की समोर डोंगर. प्रस्तावना न करता थेट मुद्दा. मीटिंगच्या सुरुवातीला "मी दार उघडून डोंगरच दाखवतो" असं म्हटलं तर कोणाला खटकत नाही.

खौ-रुओ-श्युएन-ह (३-४-२-२): तोंड जणू टांगलेली नदी, धबधबा. क्वो श्यांग नावाचा विद्वान, इ.स. ३१२ मध्ये वारला. त्याचं बोलणं ऐकणं म्हणजे टांगलेल्या नदीचं पाणी ओतलं जाताना बघणं, न आटणारं, असं त्याच्या काळातला वांग येन म्हणाला होता. ही शाबासकी होती. 'तोंडाचा पट्टा सुरू होणं' हे त्याचं भाषांतर करू नका, आपल्या पट्ट्यात वैताग आहे. आता बाजूलाच थिएन-ह्वा-लुआन-च्वे (१-१-४-४) ठेवून बघा: आकाशातून फुलांचा सडा पडणं. सहाव्या शतकात नानचिंगजवळ युन-क्वांग नावाच्या भिक्षूने असं प्रवचन दिलं की आकाशातून फुलं बरसली, अशी आख्यायिका आहे. त्या टेकडीला आजही 'फुलांच्या पावसाचा चौथरा' अशा अर्थाचं नाव आहे. इतकं सुंदर मूळ, आणि आजचा अर्थ? भपकेबाज थापा. फ्लॅट विकणारा जे बोलतो ते. चित्र गोड म्हणून चौथ्या रकान्यात 'पा' लिहाल तर फसाल.

त्वे-न्यौ-थान-छिन (४-२-२-२), गायीपुढे सतार वाजवणं, हा बहुतेकांना आधीच माहीत असतो. (छिन हे वाद्य सतार नव्हे, सात तारांचं आडवं वाद्य आहे, पण असो.) आपण लगेच म्हणतो, गाढवापुढे वाचली गीता. बरोबर, पण चिनी गोष्टीत पुढे काहीतरी घडतं. कुंग-मिंग यी नावाच्या वादकाने उच्च संगीत वाजवलं, गाय खाली मान घालून चरत राहिली. मग त्याने तारांवर माशा-डासांची गुणगुण काढली, वासराचं हंबरणं काढलं. गायीने शेपूट हलवली, कान टवकारले. ही गोष्ट एका बौद्ध लेखनात आली आहे. चिनी लोकांशी बोलताना तुम्ही बुद्धवचनं न देता चिनी ग्रंथांचेच दाखले का देता, या प्रश्नाला उत्तर म्हणून. म्हणजे दोष एकट्या गायीचा नाही, श्रोता न ओळखणाऱ्या वादकाचाही आहे. आज वाक्प्रचार दोन्ही अंगांनी वापरतात. तरी समोरच्याच्या तोंडावर वापरू नका. त्याला गाय म्हटल्याखेरीज तो वाक्यात बसत नाही.

पायरी पाचवी: गोड तोंडाकडे संशयाने बघायला शिका

माझ्या तिळगुळाची चूक इथे उलगडते. मराठीत 'गोड बोलणं' हा आशीर्वाद आहे, निदान वर्षातून एक दिवस. चिनीत मधाळ तोंडावर अडीच हजार वर्षांचा पहारा बसलेला आहे. कन्फ्यूशियस म्हणाला, छ्याव-येन-लिंग-स (३-२-४-४), म्हणजे चतुर बोलणं आणि मधाळ चेहरा, जिथे असेल तिथे खरा चांगुलपणा क्वचितच असतो. हे वाक्य त्याच्या संवादसंग्रहाच्या पहिल्याच भागात आहे आणि पुढे पुन्हा एकदा आलेलं आहे. त्यानंतरची रांग बघा. ह्वा-येन-छ्याव-यू (१-२-३-३), फुलांचे शब्द, कसबी बोलणं: 'पि'. यौ-च्वे-ह्वा-ष (२-३-२-२), तेलकट तोंड, घसरडी जीभ: 'पि'. थिएन-येन-मी-यू (२-२-४-३), माझा तिळगूळ: बहुतेक वेळा 'पि', प्रेमिकांत असेल तर माफ.

रांगेच्या टोकाला खौ-मी-फू-चिएन (३-४-४-४), तोंडात मध, पोटात तलवार. ली लिन-फू थांग घराण्याच्या दरबारात एकोणीस वर्षं मंत्रिपदावर होता, इ.स. ७३४ पासून ७५३ च्या सुरुवातीपर्यंत. ज्याचा काटा काढायचा त्याच्याशी आधी जास्तीत जास्त गोड बोलायचं, ही त्याची रीत. लोक म्हणायचे, याच्या तोंडात मध आहे, पोटात तलवार. १०८४ साली पुऱ्या झालेल्या मोठ्या इतिहासग्रंथात हे नोंदलं गेलं आणि माणूस गेला तरी चार अक्षरं उरली. आपल्या 'ओठात एक, पोटात एक'पेक्षा हे फार जड आहे. ऑफिसातल्या चहाडखोराला लावायला हा शब्द नको. यात जीव घेण्याचा हेतू आहे.

मग खरी माया कुठल्या तोंडातून येते? कडू. खू-खौ-फो-शिन (३-३-२-१): कडू तोंड, आजीचं मन. पुन्हा पुन्हा, समोरचा कंटाळला तरी, त्याच्या भल्यासाठी समजावत राहणं. 'कानीकपाळी ओरडणं' म्हणताना आपल्याला ओरडणारा थकलेला दिसतो. चिनीत ऐकणाराही नंतर ओशाळा होतो. त्याच्या जवळचा यू-चुंग-शिन-छांग (३-४-१-२), शब्द वजनदार, मन लांब पोहोचणारं, म्हणजे कळकळीने सांगणं. हे दोन्ही वरून खाली वाहतात. बाप मुलाला, शिक्षक विद्यार्थ्याला. "मी साहेबांना यू-चुंग-शिन-छांग सांगितलं" असं म्हणालात तर तुम्ही साहेबांचे आजोबा झालात.

पायरी सहावी: वाक्यात बसवा

व्याकरण फार नाही. नामाआधी छंग-यू आला तर मध्ये 'त' लावायचा: ह-आय-ख-छिन त लाव-रन, प्रेमळ म्हातारा माणूस. क्रियापदाआधी आला तरी 'त'च लावायचा: था थुन-थुन-थू-थू त षुओ, तो अडखळत म्हणाला. उच्चार एकच, लिहायची अक्षरं वेगळी, आणि ती चुकवण्यात चिनी लोकही मागे नाहीत. बोलण्याचे बहुतेक छंग-यू या दुसऱ्या साच्यात, '... त षुओ' असे, अलगद बसतात. 'खूप' हा शब्द मात्र सवयीने आधी चिकटवू नका. धबधबा आधीच टांगलेला आहे, तो 'खूप टांगलेला' करायची गरज नसते. काही ठिकाणी चालतो, उदाहरणार्थ फिंग-यी-चिन-रनच्या आधी, पण तो कान तयार झाल्यावरचा निर्णय.

प्रमाण सांभाळा. रोजच्या बोलण्यात चिनी माणसं छंग-यूंची माळ लावत नाहीत. घरी, बाजारात ऐकू येतात त्या साध्या म्हणी. त्यांतल्या दोन आत्ताच घ्या. पहिली दोन तुकड्यांची: या-पा छ्र ह्वांग-लिएन, मुक्याने कडू मुळी खाल्ली. बोलणारा एवढंच म्हणतो आणि थांबतो. ऐकणाऱ्याने मनात पुरं करायचं: कडू आहे पण सांगता येत नाही. आपलं तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दुसरी, ताव-च-च्वे, तौ-फु-शिन: तोंड सुरीचं, मन टोफूचं. टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर, बोट लावलं तरी फुटतं. बोलायला फटकळ आणि आतून हळवं माणूस. आपल्याकडे अशा माणसाला फणस म्हणतात.

पायरी सातवी: एक प्रश्न विचारत राहा

आठवड्याला पाचच घ्या. वहीतले चारही रकाने भरा आणि मग ओळखीच्या चिनी माणसाला अर्थ विचारू नका, तो तुम्हाला कोशात मिळतो. विचारा, "हे तू तुझ्या साहेबांबद्दल म्हणशील का? आईबद्दल? धाकट्या भावाबद्दल?" उत्तर बहुतेक वेळा शब्दांआधी चेहऱ्यावर येतं, तेच तिसऱ्या रकान्यात उतरवा.

तिळगुळाचं भाषांतर मी त्या दिवशी शेवटी साध्या वाक्यात केलं, की या काकू म्हणताहेत, वर्षभर आपण एकमेकांशी प्रेमाने बोलू या. छंग-यू एकही नाही. सगळ्यांनी समजून मान डोलावली आणि ठसका लागलेल्याने दुसरा लाडू मागितला. जेवण झाल्यावर मी त्यालाच गाठलं आणि सुरी-टोफूच्या म्हणीबद्दल माझा प्रश्न विचारला. साहेबांबद्दल म्हणशील?

"नाही, नाही," तो दाराकडे बघत म्हणाला. "तिथे नुसती सुरी आहे."

आणि आईबद्दल?

"आईबद्दल? रोज. आज सकाळीच फोनवर म्हणालो."